‘सगळं वाळलंय, आता काय बघायचं?’ माघापासून पाडव्यापर्यंतच्या रानाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिंपरी-चिंचवडकडचं कुटुंब, दोन मुलं (नऊ आणि पाच वर्षांची), सोबत सासूबाई. फेब्रुवारीच्या एका रविवारी सगळे एका किल्ल्यावर गेले, अकरा वाजता चढायला लागले, वर सगळं पिवळं, करपलेलं, ऊन लागलं, मुलं कंटाळली, सासूबाई गुडघ्यामुळे खाली गाडीतच बसल्या. आता ताई विचारतायत की निसर्ग बघायचा तर सरळ पावसाळ्याची वाट बघायची का, आणि थंडी संपताना आपल्याकडे खरंच काही बघण्यासारखं असतं का.

ताई, असतं. मी गेली बावीस वर्षं लोकांना झाडं बघायला घेऊन जाते, सगळ्या ऋतूंमधे, आणि मला कोणी वर्षातले दोनच महिने निवडायला सांगितले तर मी माघ-फाल्गुन निवडीन. तुमचं चुकलं ते दोन गोष्टींमधे. एक म्हणजे वेळ, अकरा वाजता रानातला दिवस जवळजवळ संपलेला असतो. आणि दुसरं म्हणजे तुम्ही हिरवं शोधायला गेलात. पावसाळ्यानं आपल्याला तशी सवय लावलीय, हिरवं म्हणजे निसर्ग, धबधबा म्हणजे निसर्ग. या दिवसात रान हिरवं नसतं, पण फुलोरा बघाल तर मोठ्या झाडांचा मुख्य फुलोरा आत्ताच असतो, आणि तो दिसावा म्हणूनच जणू पानं बाजूला झालेली असतात.

आधी हे पानगळीचं समजून घ्या म्हणजे मुलांना सांगता येईल. आपली पानगळ युरोपातल्यासारखी बर्फाच्या भीतीनं होत नाही, ती पाण्यासाठी होते. पानातून पाणी उडून जातं, पाऊस जूनपर्यंत नाही, म्हणून झाड पानं टाकून देतं आणि खोडात, मुळात साठवलेलं पाणी जपतं. आणि त्याच वेळी फुलतं, कारण पानांचा अडसर नाही, लांबून फूल दिसतं, पक्षी येतात. त्याच्यानंतर भर उन्हाळ्यात, पाऊस यायच्या कितीतरी आधी, नवी पालवी येते. लोकांना याचं नेहमी आश्चर्य वाटतं की पाणी नाही तर पालवी कशी. पण कोवळं पान खाणारे किडे पावसाळ्यात प्रचंड वाढतात, त्याच्या आत पान निबर होऊन तयार असलं की ते वाचतं, आणि पाऊस आला की पहिल्या दिवसापासून कामाला लागतं. बरीचशी पालवी लाल-तांबूस असते, तो लाल रंग कोवळ्या पानाला उन्हापासून जपतो.

आता माझा मुख्य सल्ला. दहा ठिकाणं करू नका. एकच जागा धरा, घरापासून तास-दीड तासावरची, दोन-तीन किलोमीटरचा पायरस्ता, त्यात एखादा ओढा, थोडा माळ, थोडी शेती आणि चार-पाच मोठी झाडं असली की पुरे. आणि त्याच जागी चारदा जा. आपल्या पंचांगानं त्याची सोय करून ठेवलीय बघा, माघी पौर्णिमा, महाशिवरात्र, होळी, पाडवा. चारही साधारण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं येतात, बरोबर त्या तिथीला नाही जमलं तर जवळचा रविवार. या चार फेऱ्यांमधे थंडी जाताना आणि वसंत येताना अक्षरशः डोळ्यांनी दिसतो, एका ट्रिपमधे तो कधीच दिसणार नाही, कारण एका दिवशी दिसतं ते फक्त एक चित्र.

पहिली फेरी माघी पौर्णिमेची. सूर्योदय सातच्या सुमारास असतो आपल्याकडे तेव्हा, तुम्ही पावणेसातला त्या जागेवर उभं असायला हवं. हो, म्हणजे घरातून साडेपाचला निघायचं, मुलांना झोपेतच उचलून गाडीत टाका, स्वेटर-टोपी घाला, ती स्वतःहून जागी होतात. पुण्याकडे या दिवसात पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी तीसच्या वर असं असतं, जवळपास वीस अंशांचा फरक, आणि तो फरक चालताना अंगाला कळतो. माळावरून ओढ्यात उतरलात की एकदम गार शिरशिरी येते आणि पुन्हा वर चढलात की ऊब, कारण रात्रीची जड गार हवा खोलगट जागेत साठून राहते. मुलांना हे सांगू नका, नुसतं दोनदा खाली-वर करायला लावा, तीच सांगतील.

याच फेरीत शेत बघून घ्या. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात तेव्हा ज्वारी कणसात असते, हुरड्याचे शेवटचे दिवस, करडई पिवळी-केशरी फुललेली (बांधावर लावलेली असली तर मुलांना सांभाळा, तिची पानं काटेरी असतात), हरभरा घाट्यात, म्हणजे शेंगा धरलेला. हरभऱ्यातून चालू नका. एक तर दुसऱ्याचं पीक, आणि दुसरं म्हणजे त्याच्या पानांवर आंब (आंबट ओल) असते, ती उघड्या पायांना चुरचुरते. जुनी माणसं पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरून दवासोबत ती आंब टिपून घ्यायची आणि पिळून बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीवर. तुमच्या सासूबाईंना विचारा, बहुतेक माहीत असेल.

आणि इथे मला सासूबाईंबद्दल बोलायचंय. त्यांना गाडीत बसवून ठेवू नका प्लीज. एका वर्षी माझ्याबरोबर एक आजी होत्या, त्यांनाही गुडघ्याचं दुखणं, मुलगा म्हणाला आई इथेच बसेल सावलीला. आम्ही चालून परत आलो तर आजींनी शेजारच्या पळसाची राहिलेली जुनी पानं आणि बारीक काड्या घेऊन पत्रावळ टाचून ठेवली होती, साठ वर्षांपूर्वी शिकलेली, आणि सगळी पोरं आमचं झाड-पुराण सोडून त्यांच्याभोवती गोळा. त्या दिवशी मी ठरवलं की जागा निवडायची ती अशी, जिथे गाडी झाडापर्यंत जाते आणि फोल्डिंगची खुर्ची टाकता येते. किल्ला नको. वसंत बघायला उंचीची गरजच नाही, तो खाली बांधावर आणि ओढ्याकाठी जास्त असतो.

शेतकऱ्याशी बोला. पण आधी रामराम, पाहुणे कुठले, काय पीक यंदा, एवढं बोलणं झाल्याशिवाय शेतात पाय टाकायचा नाही आणि घाट्याला हात लावायचा नाही. मी आजवर बघितलंय की नीट विचारलं तर माणसं स्वतःहून हरभऱ्याचे डहाळे उपटून हातात देतात. कधी कोणी हुळा भाजून दिला तर तुमची सकाळ सोन्याची झाली समजा (काही भागात याला हावळा म्हणतात). घाट्यासकट हरभऱ्याची अख्खी झाडं वाळल्या पाचटाच्या जाळावर धरायची, पाला जळून जातो, घाटे काळे होतात, मग राखेतून वेचून हातावर चोळून खायचे, हात तोंड सगळं काळं. रिसॉर्टमधे हुरडा पार्टीचं तिकीट काढून जे मिळतं ते वाईट नाही, पण त्यात तो शेतकरी आणि त्याचं शेत नसतं. पैसे मात्र जरूर द्या, नको म्हणाला तर त्याच्याकडची भाजी किंवा फळ विकत घ्या. तुमच्याकडून सासवड बाजूला गेलात तर पुरंदरचं अंजीर, त्याला भौगोलिक मानांकन आहे २०१६ पासून, मीठा बहाराची (उन्हाळी हंगामाची) फळं मार्चपासून यायला लागतात, बागेतून विकत घेतलेल्या अंजिराची चव फ्रीजमधल्या डब्याला नाही.

दुसरी फेरी महाशिवरात्रीची. आपल्याकडे म्हणतात ना थंडी शिव शिव करत जाते. ही फेरी मी काटेसावरीसाठी राखून ठेवते, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

काटेसावर (सावर, शेवरी पण म्हणतात) ओळखायला सोपी. उंच सरळ खोड, फांद्या खोडातून आडव्या मजल्या-मजल्यानं निघालेल्या, कोवळ्या झाडाच्या खोडावर शंकूसारखे काटे, झाड म्हातारं झालं की बुंध्यावरचे काटे झिजतात. पान एकही नाही आणि हाताच्या ओंजळीएवढी लाल जाडजूड फुलं, पाच पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका. तुमचं काम एवढंच, की झाडापासून पंचवीस-तीस पावलांवर, सूर्य पाठीमागे येईल असं सतरंजी टाकून बसायचं, सव्वासात ते साडेआठ. चालायचं नाही. पाच वर्षांच्या मुलालाही हे जमतं कारण तिथे सिनेमापेक्षा जास्त गडबड असते. सावरीचं फूल रात्री-पहाटे उमलतं, त्यात मध भरपूर, आणि बाकीच्या रानात तेव्हा पाणी कमी, किडे कमी, त्यामुळे आसपासचं सगळं पाखरू त्या एका झाडावर येतं. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, चष्मेवाला, शिंजीर, कावळे, पोपट (पोपट मधासाठी नाजूकपणा करत नाहीत, कळ्याच कुरतडतात), वर खारी. एका फुलात डोकं घालून बाहेर आलेल्या पक्ष्याचं कपाळ दुर्बिणीतून बघा, पराग लागलेले असतात, आणि तसाच तो पुढच्या फुलावर जातो. परागीभवन म्हणजे काय हे मुलांना पुस्तकात कितीही वेळा वाचायला लावा, त्या कपाळावरचा पिवळा डाग एकदा बघितला की संपलं.

एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मी एकदा वही दिली होती, फक्त किती ‘जातीचे’ पक्षी आले ते रेघा मारून मोज, नावं नको. नावं आली नाहीत तरी चालतं हे त्याला कळल्यावर तो असा बसला की त्याची आई मला म्हणाली हा घरी दहा मिनिटं एका जागी बसत नाही. सतरा रेघा झाल्या. त्यातल्या अकरांची नावं मला सांगता आली, बाकीचे इतक्या घाईत येऊन गेले की मी नुसती बघत राहिले.

आणि फुलं खाली पडतात ना, धप्प असा चक्क आवाज येतो. शेळ्या वाटच बघत असतात. डोंगरात वानरं आणि भेकरं पण खातात. उचलून मुलांच्या हातात द्या, जड असतं, खालचा पेला चामड्यासारखा जाड, आत बोट घातलं की ओलसर. एप्रिल-मेमधे याच झाडाची बोंडं फुटून कापूस उडतो, तेव्हा पुन्हा गेलात तर गोष्ट पूर्ण होते. काही भागात होळीला उभी करायला सावरच तोडायची पद्धत आहे, ऐन फुलाच्या दिवसात, मला दरवर्षी याचं मनापासून वाईट वाटतं, कारण एक मोठी सावर गेली म्हणजे त्या टापूतल्या शेकडो पाखरांचं महिनाभराचं अन्नच गेलं.

याच दिवसात भोरड्या बघा. मध्य आशिया, पूर्व युरोपाकडून हिवाळ्यात येणाऱ्या गुलाबी-काळ्या मैना, पळसमैना हे त्यांचंच दुसरं नाव, हजारोंच्या थव्यानं असतात आणि संध्याकाळी रातथाऱ्याला जायच्या आधी आभाळात एकसंध वळणं घेत उडतात, धुराचा लोट वळावा तसं. ज्वारीवाल्या शेतकऱ्याला मात्र त्या नकोशा असतात, पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफणीनं हाकलायचे. एप्रिलपर्यंत निघून जातात. उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळकडे गेलात तर चक्रवाक, पट्टकदंब हंस हे पण परतीच्या तयारीत असतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाणी उतरून चिखल उघडा पडला की चांगले दिसतात. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात, होडीवाल्याला सांगा लांबूनच बघायचंय, थवा उठवू नका. फोटोसाठी उठवतात लोक, त्या पक्ष्यांना पुढे लांबचा प्रवास आहे आणि त्यासाठी अंगावर चरबी चढवायची असते, दर वेळी उडवलं की ती खर्च होते.

शिवरात्रीच्या फेरीला शक्य असेल तर रात्री थांबा, गावात कोणाकडे किंवा साध्या होमस्टेला. ही तिथी अमावास्येच्या अगदी अलीकडची असल्यामुळे चंद्र नसतो. साडेआठच्या सुमारास मृग नक्षत्र डोक्यावर, त्याच्याजवळ व्याधाचा तारा, आणि नंतर दक्षिणेला क्षितिजापासून फार वर नाही अशी अगस्त्याची ठळक चांदणी. शहरातली मुलं पहिल्यांदा हे बघतात तेव्हा आवाजच बंद होतो त्यांचा.

तिसरी फेरी होळीची. होळी जळाली थंडी पळाली, आणि रान पेटलं ते पळसानं. (पेटलं हा शब्द मी फक्त पळसासाठी वापरते, खऱ्या वणव्याबद्दल पुढे लिहिलंय.) लोक काटेसावर, पांगारा, पळस सगळ्याला सरसकट पळस म्हणतात, तर ओळख अशी. पळसाचं खोड वेडंवाकडं, झाड मध्यम, फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं आणि देठाकडचा पेला काळसर मखमली. पांगाऱ्याची लालभडक फुलं फांदीच्या टोकाला पंजासारखी गुच्छात, आणि फांद्यांना काटे. पळसाला पानं तीनच हे तुम्हाला माहीतच आहे, पण तीन पर्णिका पांगाऱ्यालाही असतात, त्यामुळे नुसत्या पानावर जाऊ नका.

पळसाच्या फुलाला वास नसतो. संस्कृत सुभाषितात विद्या नसलेल्या माणसाला ‘निर्गन्धा इव किंशुकाः’ म्हटलंय, बिचाऱ्या पळसावर मोठाच अन्याय तो. पक्ष्याला बोलवायचंय, बहुतेक पक्ष्यांना वासाचं फारसं काही नसतं, त्यांना रंग दिसतो, मग वास कशाला तयार करायचा? झाडाचा हिशोब चोख आहे. शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा, मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं, ते वाऱ्यावर भिरभिरत जातं. इतिहास आवडणारं कोणी घरात असेल तर, १७५७ ची प्लासीची लढाई ज्या पलाशी गावाजवळ झाली त्याचं नाव या झाडावरूनच पडलं असं मानतात. विदर्भात कोणी नातेवाईक असतील तर होळीला तिकडे जा, नागपूर-वर्ध्याकडे माळच्या माळ केशरी असतात, आपल्याकडे पुण्याच्या आसपास तेवढा एकगठ्ठा दिसत नाही, बांधावर, माळावर सुटासुटा दिसतो. क्वचित कुठे पिवळ्या फुलांचा पळस असतो, दिसला तर त्याचं लोकेशन जगजाहीर करू नका, औषधाच्या आणि पूजेच्या नावाखाली लोक साली आणि मुळ्या काढून झाड मारतात.

खाली पडलेली फुलं (फक्त पडलेली) पिशवीभर आणा, रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा, पिवळा-केशरी रंग मिळतो, रंगपंचमीला तोच वापरा. चिमूटभर चुन्यानं रंग गडद होतो पण मुलांच्या अंगावर टाकायचा असेल तर चुना नको.

तुम्ही मुळशी, ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या बाजूला गेलात तर या सुमाराला कोशिंबाची पालवी शोधा. लांबून वाटतं लाल फुलांचं झाड आहे, जवळ गेल्यावर कळतं सगळी पानं आहेत, कोवळी, लालभडक, उन्हात आरपार दिसणारी. दोन आठवड्यात हिरवी होतात, म्हणून म्हणते चारदा जा. धायटीची लाल नळीसारखी फुलं पण डोंगरउतारावर असतात, गुराखी पोरं त्यातला मध चोखतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात, त्यांचा वास मोगऱ्याच्या जवळचा. खडकाळ डोंगरावर पान नसलेल्या वाकड्या फांद्यांना मोठी पिवळीधम्मक फुलं दिसली तर ती सोनसावर, गणेर. आणि गुलाबी फुलांनी लगडलेलं गिरीपुष्प रस्त्याकडेला सगळीकडे दिसेल, फोटोत सुंदर येतं, पण ते मूळचं अमेरिका खंडातलं, लागवड करून आणलेलं झाड आहे, त्याच्यासाठी मुद्दाम गाडी थांबवण्यापेक्षा पुढच्या पांगाऱ्याला थांबवा.

कान उघडे ठेवा. हिवाळाभर गप्प असलेला कोकीळ या दिवसात बोलायला लागतो, तो कुठे गेलेला नसतो, इथेच असतो, फक्त गप्प. तांबटाचं टुक टुक ऊन वाढेल तसं वाढत जातं, वाळक्या फांदीला गोल भोक पाडून घरटं करतो, खाली भुसा पडलेला दिसला तर वर बघा. दयाळ पहाटे उंच टोकावर बसून गायला लागतो.

आता वणवा. मी ज्या एका टेकडीवर सोळा वर्षं सलग लोकांना नेलं ती एका मार्चमधे एका दुपारीत जळली. नवं गवत चांगलं फुटतं या समजुतीनं कोणीतरी काडी लावली असेल किंवा कोणी सिगारेट टाकली असेल, कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर राखेत टिटवीचं घरटं, घरटं म्हणजे काय, उघड्या जमिनीवर खड्यांमधे ठेवलेली चार अंडी, ती तडकलेली, आणि टिटवी अजून वर ओरडत घिरट्या घालत होती. मोठी झाडं सावरली पण हाताएवढी रोपं सगळी गेली, म्हणजे पुढच्या वीस वर्षांची झाडं गेली, आणि माती उघडी पडून पहिल्या पावसात वाहिली. म्हणून चूल पेटवायची असेल ती फक्त शेतात, मालकासमोर, आणि निघताना पाणी ओतून हात लावून गार झालीय बघायचं. गवताळ माळावर काडी नाही, सिगारेट नाही, काचेची बाटली टाकणं नाही. धूर दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६, फोनमधे आजच सेव्ह करा आणि लगेच कळवा.

दुसरा धोका आग्यामोहोळ. कड्यांना, सावरीसारख्या उंच झाडांना या दिवसात पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र परफ्यूम, दगड मारणं, आरडाओरडा यातलं काहीही नको, पोळं दिसलं की ती जागा सोडून लांबून जा. माश्या उठल्याच तर हात हलवत उभं राहायचं नाही, तोंड-डोकं कपड्यानं झाकून पळायचं, गाडीत किंवा घरात शिरायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबतात.

बाकी तयारी फार नाही. माणशी दोन ते तीन लिटर पाणी, कानटोपी आणि उन्हाची टोपी दोन्ही, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बूट, एक दुर्बीण (आठ बाय चाळीसच्या आसपासची, मुलांनाही पेलते), वही-पेन्सिल, भाकरी-चटणी. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. साडेदहा-अकराला परत फिरा, दुपारी रानात कोणीच नसतं, पाखरंही नाहीत, आणि तुम्हीही नको. पाच वर्षांच्या मुलाला दीड किलोमीटरच्या वर चालवू नका, त्याला चाललेल्या अंतराशी काही देणंघेणं नसतं, मुंग्यांची रांग दिसली तर तो अर्धा तास तिथेच बसेल, बसू द्या.

चौथी फेरी पाडव्याच्या आसपासची, आणि ती छोटी. सूर्योदय आता साडेसहाच्या आसपास आलेला असतो म्हणजे आणखी लवकर निघायचं. सावरीवर हिरवी बोंडं धरलेली, पळसावर कोवळ्या मऊ शेंगा, हरभऱ्याच्या जागी धसकटं, ज्वारी काढून कडबा रचलेला, सुगी संपत आलेली, गावोगाव जत्रांची तयारी. ओढ्यात पहिल्या फेरीला पाणी असेल तिथे आता ओल, किंवा नुसते खुरांचे ठसे. आणि कडुनिंबाला पांढुरकी बारीक फुलं. त्यांचा वास दिवसा कमी आणि संध्याकाळी उतरतो, गोडसर, कडू झाडाचा गोड वास. पाडव्याला आपण कोवळा पाला, फुलं, गूळ, चिंच, ओवा, भिजवलेली डाळ वाटून खातो, तर ती फुलं यंदा बाजारातून आणू नका, सासूबाईंना सोबत न्या आणि त्याच तुमच्या झाडाखाली एक स्वच्छ धोतर किंवा चादर पसरून फांदी हलकेच हलवा, मूठभर फुलं पाच मिनिटात पडतात, तेवढीच लागतात.

आणि ताई, पहिल्या फेरीला अजून वेळ असेल तर आज संध्याकाळी तुमच्या सोसायटीच्या जवळचा पिंपळ बघून घ्या, कुठेतरी असतोच. प्रत्येक पिंपळाचं वेळापत्रक वेगळं असतं, शेजारचे दोन पिंपळ एकाच दिवशी पान टाकत नाहीत. मोठ्या मुलाला त्या झाडाचा रोज शाळेत जाताना एकाच जागेवरून एक फोटो काढायला सांगा. पान पिवळं होणं, गळणं, उघड्या फांद्या आणि मग ती तांब्याच्या रंगाची चकचकीत पालवी, हे सगळं दोन-तीन आठवड्यात होऊन जातं. फोटो झाले की बघायला मलाही आवडतील.